ऊब आणि उबारा : निपाणी परिसरातील कोंबडीच्या निवाऱ्याचा इतिहास

मराठीत ‘ऊब’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. खुडूक बसलेली कोंबडी अंड्यांना देते ती ऊब, आणि ओलसर माल कोंदट जागेत रचून ठेवला असता त्याच्या पोटात जी उष्णता धरते तीही ऊबच. पहिली जीव घडवते, तर दुसरीवर नजर राहिली नाही की माल काळवंडतो, त्याला वास येतो आणि तो वाया जातो. याच शब्दकुळातला ‘उबारा’ म्हणजे वारा पडल्यावर, विशेषतः वळवाच्या आधी, जीव कासावीस करणारा कोंदटपणा. निपाणी आणि तिच्या आसपासच्या गावांतील कोंबडीपालनाचा इतिहास बव्हंशी या दोन शब्दांमधल्या अंतराचा इतिहास आहे. पक्ष्याला ऊब मिळावी आणि त्याचा उबारा होऊ नये, ही जबाबदारी कोंबडीच्या पंखांकडून माणसाच्या हाताकडे कशी आली, आणि ती कोणाच्या माथी पडली, हे त्यातून दिसते.

बेळगाव जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, पुणे-बेंगळुरू महामार्गावर वसलेले हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेच्या अगदी काठावर आहे. पश्चिमेकडे राधानगरी-दाजीपूरच्या डोंगरांत पावसाळाभर झड लागलेली असते, तर पूर्वेला चिकोडी, रायबाग, अथणीकडे जावे तसतसा पाऊस भराभर कमी होत जातो. निपाणी या दोहोंच्या मधली, आणि म्हणून तिथल्या हवेला एकच एक स्वभाव नाही. मार्च ते मेच्या दुपारी कोरड्या व तापलेल्या असतात, त्याच दुपारी चार वाजता आभाळ भरून वळीव कोसळू शकतो, जूननंतर पश्चिमेचा ओला वारा थांबत नाही, आणि पौषातल्या रात्री इतक्या गार होतात की दिवसाच्या व रात्रीच्या तापमानातले अंतर जनावरांनाही जाणवते. ज्या जिवाला हवेतला थोडा बदलही सोसत नाही, त्याच्यासाठी हा प्रदेश सोपा नाही.

हवा ओळखण्याचे शास्त्र मात्र या गावाला कोंबडीच्या आधीपासून अवगत होते, कारण निपाणीचे नाव ज्या पिकाने झाले ते विडीची तंबाखू हे हवेवर घडणारे पीक आहे. कापलेली तंबाखू उन्हात वाळते. पण वाळलेले पान कोरड्या प्रहरी हाताळले तर त्याचा चुरा होतो, म्हणून पहाटेच्या दवाने ते नरम पडले की मगच ते हलवायचे, असा शिरस्ता पडला. पुढे हा माल वखारीत जाई, आणि तिथे तो कुटणाऱ्या-चाळणाऱ्या बायकांच्या छातीत त्याची धूळ जाई. याच बायकांच्या संघटनेवर युगांतर या चित्रपट-समूहाने १९८२ मध्ये काढलेल्या माहितीपटाचे नाव ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ असे आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९८१ मध्ये, शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी महामार्ग अडवला होता आणि त्या आंदोलनाचा शेवट गोळीबारात झाला होता. तंबाखूचा इतिहास इथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही, परंतु त्यातली एक गोष्ट पुढे उपयोगी पडते. वखारीची हवा वाईट आहे हे नव्याने पाऊल टाकणाऱ्याला क्षणात कळते आणि दिवसभर आत बसलेल्याला कळेनासे होते, कारण नाक सरावते; फुप्फुस मात्र सरावत नाही.

या भागातील जुन्या कोंबडीला इमारत अशी नव्हतीच. परसात किंवा सोप्याच्या कडेला दगडमातीचे खुराडे, पिल्लांवर पालथे घालायला बांबूचे डालगे, आणि दिवसभर उकिरडा व कुंपणाची सावली, एवढाच तिचा निवारा असे. खुराड्याची हवा चांगली होती असे म्हणता येणार नाही. मुंगूस व रानमांजर यांच्या भीतीने ते ठेंगणे, अंधारे आणि जवळजवळ बंद बांधलेले असे. तरी पक्षी त्यात फक्त रात्रीपुरता राही, आणि दिवसा ऊन तापले की सावली, वारा सुटला की आडोसा, असे आपले हवामान तो स्वतः निवडत असे. पिल्लांच्या बाबतीत तर सगळी व्यवस्था आईच्या अंगात होती. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते, परंतु नुकत्याच फुटलेल्या पिल्लाला स्वतःचे तापमान राखता येत नाही. ती क्षमता यायला दहा-बारा दिवस ते दोन आठवडे लागतात. तोवर पिल्लू चारा टिपायला बाहेर पडते आणि गारठले की पंखाखाली शिरते. किती वेळ बाहेर राहायचे आणि केव्हा आत यायचे, याचा निर्णय त्याचे त्यालाच घेता येतो. या जुन्या जगाचे गोडवे गाण्याची मात्र गरज नाही. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, साथ आली की गावेच्या गावे कोंबड्यांवाचून ओस पडत, आणि वर्षभरात वाढलेला गावठी कोंबडाही वजनाला बेताचाच भरे. अंड्यांचे चार पैसे घरच्या बाईच्या गाठीला राहत, ही त्यातली खरी जमेची बाजू होती.

कोंबडीला छप्पर देण्याची कल्पना सरकारी मार्गाने आली. ब्रिटिश काळात बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. बाजाराची, सोयरिकीची आणि भाषेची ओढ कोल्हापूरकडे राहिली आणि सरकारी खात्याचा कागद बेंगळुरूकडून येऊ लागला. कोंबडीपालनाच्या बाबतीतही हा दुहेरीपणा दिसत होता. केंद्र सरकारच्या कुक्कुटपैदास केंद्रांपैकी एक मुंबईच्या आरे वसाहतीत आणि एक बेंगळुरूजवळ हेस्सरघट्ट येथे होते, आणि निपाणीची माणसे या दोन्ही दिशांच्या मधोमध उभी होती.

या टप्प्यावर जी पद्धत रूढ झाली तिला ‘डीप लिटर’ म्हणतात. जमिनीवर भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा तत्सम कोरड्या पदार्थाचा काही इंच जाडीचा थर पसरायचा, पक्षी त्यावरच वाढवायचे, विष्ठा त्यात मिसळू द्यायची आणि थर अधूनमधून खालीवर करत राहायचे, अशी ही रीत आहे. त्याबरोबर आले ते दोन्ही बाजूंनी जाळी लावलेले लांबट शेड. त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे दुपारचे तिरके ऊन लांब बाजूंतून आत शिरत नाही. रुंदी तीस फुटांच्या फार पुढे न्यायची नाही, म्हणजे एका बाजूने आलेला वारा दुसऱ्या बाजूने निघून जातो. खाली फूट-दीड फुटाची भिंत, वर जाळी, आणि पागोळीचे पाणी आत न येईल इतके पुढे काढलेले छप्पर. छपरासाठी आरंभी कौले होती. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात सुरू केलेल्या कारखान्यातून जी कौले पश्चिम किनाऱ्यावर व घाटावर पसरली, त्यांच्या सांध्यांमधून तापलेली हवा आपोआप वर निघून जाते. पुढे खर्च व वेळ वाचवण्यासाठी सिमेंटचे आणि लोखंडी पत्रे आले, आणि छप्पर स्वतःच उष्णता खाली ओकू लागले. म्हणून पत्र्यावर चुना मारणे, उसाचा पाला अंथरणे, पाण्याची फवारणी करणे असे उपाय शेतकऱ्यांना करावे लागले. स्वस्त छपराचा उरलेला खर्च अशा रीतीने दर उन्हाळ्यात वसूल होत राहिला.

जाळीवरच्या पडद्याकडे इतिहासकाराचे सहसा लक्ष जात नाही, पण या व्यवसायातली सर्वांत चतुर गोष्ट तीच आहे. पूर्वी बारदानाची पोती उसवून आणि पुढे खाद्याच्या रिकाम्या पिशव्या शिवून केलेला हा पडदा वरून खाली सोडायचा नसतो. तो तळाशी पक्का बांधून दोरीने खालून वर ओढायचा असतो, जेणेकरून फट राहील ती वरच्या अंगाला राहावी. पिल्लांच्या उंचीवर गार झोत लागत नाही आणि वर साचलेली गरम, दमट, वायूंनी भरलेली हवा मात्र निघून जाते. ऊब ठेवणे आणि उबारा काढणे ही दोन परस्परविरोधी कामे एकाच पोत्याच्या तुकड्याकडून करून घेणारी ही युक्ती आहे. थंडीत भीतीपोटी पडदा पूर्ण वर ओढून बांधला, तर पहाटेपर्यंत आत डोळे चुरचुरतात आणि पिल्ले उबेत असूनही आजारी पडतात.

या सर्व व्यवस्थेवर पहिल्यांदा खरा ताण आला तो ब्रॉयलरमुळे. ब्रॉयलर म्हणजे केवळ मांसासाठी निवडीने पैदास केलेली, पाच-सहा आठवड्यांत दोन ते अडीच किलो भरणारी कोंबडी. अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस अशा जातींच्या स्पर्धा भरू लागल्या. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या व पुढे पुण्यातून कारभार चालवणाऱ्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने परदेशी वाणांच्या आधारे भारतात संकरित पिल्लांचा पुरवठा सुरू केला आणि ‘व्हेनकॉब’ या ब्रॉयलरचे नाव पश्चिम महाराष्ट्रापासून कर्नाटकापर्यंत खेड्याखेड्यांत पोहोचले. पक्षी किती बदलला याचे मोजमाप कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. १९५७, १९७८ आणि २००५ सालचे वाण त्यांनी एकाच खाद्यावर एकत्र वाढवले, तेव्हा ५६ व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम भरली. खाद्य तेच, दिवस तेवढेच. बदलला तो पक्ष्याचा पिंड. या पिवळ्या पायांच्या पक्ष्यात सह्याद्रीचाही एक अंश आहे, कारण कोंबडीच्या कातडीचा पिवळेपणा ठरवणारे जनुक दक्षिण भारतातील राखी रानकोंबड्याकडून आल्याचे २००८ मधील संशोधनात आढळले. निपाणीच्या पश्चिमेकडील रानांत आरवणारा तो पक्षी आणि शेडमधला पांढरा पक्षी हे दूरचे सोयरे ठरतात.

झपाट्याने वाढणारे शरीर म्हणजे झपाट्याने जळणारी चूल. जास्त खाल्ले की जास्त उष्णता तयार होते, आणि कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसल्यामुळे ती उष्णता बाहेर टाकायला चोच उघडून धापा टाकण्याखेरीज फारसा मार्ग उरत नाही. धापेतून श्वासमार्गातील पाणी वाफ होऊन जाते व अंग निवते; परंतु हवाच दमट असेल तर वाफ होत नाही, आणि सतत धापल्याने रक्तातील कर्बवायू घटून रक्ताचा समतोल बिघडतो. म्हणून निपाणीकडे एप्रिलमधल्या कोरड्या ३८ अंशांपेक्षा वळीव पडून गेल्यानंतरची कमी तापमानाची पण चिंब दमट संध्याकाळ कधीकधी जास्त जिवावर उठते. ज्यांची विक्रीसाठीची उचल दोन दिवसांवर आली आहे असे पाचव्या आठवड्यातले सर्वांत भरलेले पक्षीच अशा वेळी आधी दगावतात, कारण त्यांच्या पोटातली चूल सर्वांत मोठी असते. दुपारच्या आधी खाद्य काढून घेणे आणि ते रात्रीच्या गारव्यात देणे, ही रीत याच कारणाने पडली. ती पक्ष्याच्या जिवासाठी आवश्यक असली, तरी खाल्ले नाही म्हणजे वाढ खुंटली, हा हिशेब तिच्याबरोबर येतोच.

पावसाळ्याचा त्रास वेगळा आणि अधिक मंद असतो. पाच हजार पक्ष्यांचा एक थवा पाचव्या आठवड्यात दिवसाला साडेसातशे किलोंच्या आसपास खाद्य खातो आणि त्याच्या पावणेदोन ते दोन पट पाणी पितो. त्यातले थोडे शरीरात राहते आणि हजार लिटरच्या आसपास पाणी दररोज श्वासातून व विष्ठेतून शेडमध्येच परत येते. हे पाणी बाहेर नेण्याचे काम वाऱ्याखेरीज कोणी करू शकत नाही, आणि नेमक्या जुलैत बाहेरचा वाराच ओला असतो, शिवाय झडीमुळे पडदे वर असतात. मग जमिनीवरचे लिटर, म्हणजे तुसाचा थर, ओले होते. अनुभवी पालक ते मुठीत दाबून पाहतो. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल जास्त, किंचित चिकटून लगेच फुटला तर ठीक, आणि मुळीच न चिकटता उडाले तर धूळ होणार, अशी ही परीक्षा आहे. ओल्या लिटरमध्ये सूक्ष्मजंतू विष्ठेतील युरिक आम्लापासून अमोनिया तयार करतात. हा वायू डोळ्यांचा पडदा व श्वासनलिकेचे आतले अस्तर जाळतो, आणि त्याच ओलीमुळे पायाच्या तळव्याला फोड येतात व रक्ती हगवणीच्या परजीवींना रान मोकळे मिळते. युरोपीय संघाच्या २००७ च्या ब्रॉयलरविषयक निर्देशाने दाटी एका मर्यादेपुढे न्यायची असेल तर पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर अमोनिया दशलक्षात २० भागांपेक्षा आणि कर्बवायू ३,००० भागांपेक्षा जास्त नसावा, अशी अट घातली आहे. या अटीतले ‘पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर’ हे शब्द फार मोलाचे आहेत, कारण उभ्या माणसाचे नाक त्याहून चार-साडेचार फूट वर असते. वखारीत जे घडले तेच इथेही घडते. रोज आत वावरणाऱ्याला वास येईनासा होतो आणि पक्षी तो चोवीस तास घेत राहतो. गुडघ्यावर बसून एक दीर्घ श्वास घेणे, हे कुठल्याही उपकरणापेक्षा स्वस्त मोजमाप आहे.

हिवाळ्यात प्रश्न पुन्हा उबेवर येतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंश तापमान लागते, आणि पुढे ते दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवायचे असते. यासाठी दिव्यांचे ब्रूडर, कोळशाच्या शेगड्या, लाकूड जाळायची पिंपे आणि अलीकडे गॅसच्या शेगड्या वापरल्या गेल्या. यापैकी प्रत्येक साधन कोंबडीच्या पंखाची नक्कल आहे, फक्त निर्णय पिल्लाच्या हाती न राहता पालकाच्या हाती आला आहे. म्हणून पालक पिल्लांची मांडणी वाचायला शिकला. दिव्याखाली गठ्ठा झाला तर गारठा, कडेला पांगून पंख सोडून चोची उघड्या असतील तर उष्णता, एकाच बाजूला सरकली असतील तर कुठूनतरी झोत लागतो आहे, आणि सगळीकडे सारखी विखुरली असतील तर ठीक. रात्री दोन वाजता उठून हे वाचावे लागते. त्या आठवड्यात गारठा बसला, तर त्याचे फळ चौथ्या-पाचव्या आठवड्यात जलोदराच्या रूपाने दिसू शकते. शरीराला प्राणवायू पुरवताना हृदय थकते व पोटात पाणी साठते. बंद पडद्याआडची कोंदट हवा या दुखण्यात भरच घालते.

शेडच्या हवेला इतके महत्त्व द्यावे का, या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने उशिरा पण ठामपणे दिले. ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसन यांच्या १९६४ च्या ‘ॲनिमल मशीन्स’ या पुस्तकानंतर बंदिस्त पशुपालनावर जी चर्चा सुरू झाली, तिचा भर दीर्घकाळ दाटीवर, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये किती पक्षी, यावर होता. ऑक्सफर्डच्या मेरियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा मोठ्या उत्पादकांच्या शेडमधील २७ लाख पक्ष्यांवर केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातून असे दिसले की फार मोठ्या दाटीचा वाईट परिणाम होतोच, पण त्याहूनही पक्ष्यांच्या सुस्थितीतला फरक तापमान, दमटपणा, लिटर आणि हवा कशी राखली यावर अधिक अवलंबून असतो. हा निष्कर्ष दाटी वाढवण्याचा परवाना म्हणून वाचणे चुकीचे होईल, कारण दाटी वाढली की हवा राखणेही तितकेच कठीण होते. शिवाय वाढ आणि सुस्थिती ही एकच गोष्ट नव्हे. वाईट हवेत दोन्ही एकदम घसरतात, हे खरे. पण उत्तम हवेतही ज्या पक्ष्याचे धड पायांना पेलत नाही त्याची वाढ चांगली आणि चाल वाईट असू शकते, आणि त्या दोषावर पडद्याजवळ किंवा पंख्याजवळ इलाज नाही.

इथेच या इतिहासातला सर्वांत गंभीर मुद्दा येतो. १९९० नंतर दक्षिण भारतात, प्रथम कोईम्बतूरच्या बाजूला, करारपद्धती फोफावली आणि पुढे ती घाटावरही पसरली. कंपनी पिल्ले, खाद्य, औषधे देते व तयार पक्षी उचलते. शेतकऱ्याचे ते शेड, पाणी, वीज, तूस, इंधन आणि श्रम. मोबदला किलोमागे मिळतो, आणि तो किती खाद्यात किती वजन झाले व मरतुक किती झाली यावर वरखाली होतो. कामाची ही विभागणी नीट पाहिली तर दिसते की पक्ष्याचा पिंड ठरवण्याचा अधिकार एका बाजूला आहे आणि त्या पिंडाला सोसेल अशी हवा तयार करण्याचा भार दुसऱ्या बाजूला. बाजारभावाच्या चढउतारापासून कराराने शेतकऱ्याला आडोसा दिला, हे मान्य केलेच पाहिजे. तंबाखूच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या भागात त्याचे मोल कमी नाही. परंतु वळीव, झड आणि थंडी यांची जोखीम कराराने त्याच्याच पदरात ठेवली, आणि ही वाटणी न्याय्य म्हणता येत नाही. भारताच्या विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये सादर केलेल्या २६९ व्या अहवालात अंड्यांच्या व मांसाच्या कोंबड्यांच्या निवाऱ्याविषयी नियमांचा मसुदा दिला. असे नियम अमलात आणताना त्यांचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न निपाणीसारख्या भागात पहिल्याच दिवशी उभा राहतो.

अलीकडे बंदिस्त, यांत्रिक हवेच्या शेडचा प्रसार होत आहे. एका टोकाला मोठे पंखे हवा खेचतात, दुसऱ्या टोकाला जाड कागदी पडद्यांतून पाणी झिरपत असते, आणि त्यातून आत येणारी हवा बाष्पीभवनाने गार होते. माठातले पाणी ज्या नियमाने गार होते तोच हा नियम, आणि म्हणून त्याची मर्यादाही माठाचीच आहे. एप्रिलच्या कोरड्या हवेत हे शेड पक्ष्यांना खरोखर सुख देते, तर जुलैत ओल्या हवेला आणखी ओले करून काही साधत नाही, तेव्हा केवळ वाऱ्याच्या वेगावर भिस्त ठेवावी लागते. या शेडमध्ये जाळी नसते, त्यामुळे भरलेल्या थव्यावर वीज गेली आणि जनित्र चालू झाले नाही, तर तासाभरात हजारो पक्षी गुदमरू शकतात. जुन्या शेडमधल्या पालकाची झोप पडद्यापायी मोडत होती. नव्या शेडमध्ये ती धोक्याच्या घंटेपायी मोडते.

तयार पक्ष्यांची उचल शक्यतो रात्री होते, कारण दिवसाच्या उन्हात जाळीच्या खोक्यांत दाटीने भरलेला पक्षी रस्त्यातच दगावतो. बेळगावकडून गोव्याला जाणारा माल घाट उतरतो तोही याच प्रहरी. शेडबाहेरची हवा या पक्ष्याला बहुधा आयुष्यात पहिल्यांदा तेव्हाच लागते. मागे उरते ते लिटर. पाच-सहा आठवड्यांची विष्ठा मिसळलेले हे तूस उसाच्या व भाजीच्या शेतांना खत म्हणून जाते, पण ताजे घातले तर पीक करपते. म्हणून ते बांधाला ढीग करून, किंचित पाणी मारून, काही आठवडे ठेवतात. दोन-चार दिवसांत ढिगाच्या पोटात हात घालवत नाही इतकी ऊब धरते, मग तो फोडून, उलटून पुन्हा रचतात, आणि ऊब उतरली की पावसाआधी सरीत पसरतात.